मूससाहेबांची रोजकीर्द

लोधिवलीहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी. मुलगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. आता म्हणते, भूभौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणार. घरात कुणी हे नावच ऐकलेलं नाही! सासूबाई विचारतात, हे शिकून पोर करणार काय? ‘हे’ म्हणतात, त्यापेक्षा बी.एड. कर, पाताळगंगेच्या बाजूला शाळा पुष्कळ आहेत. आणि आईची बिचारीची दोन्हीकडून ओढाताण. शेवटी त्या विचारतात, “ताई, या विद्येत कुणी नाव काढलंय का? मानसन्मान मिळतो का? की जन्मभर नुसते आकडे लिहीत बसायचं?”

या आठवड्यात लोणच्याला बुरी का येते ते सांगायचं कबूल केलं होतं, पण कैरी थांबेल, मुलीचा प्रवेशअर्ज थांबायचा नाही. म्हणून आधी हे.

भगिनी, खरं सांगायचं तर या विद्येत जन्मभर आकडेच लिहायचे असतात. आणि ज्यांनी नाव काढलं, त्यांनी ते आकडे लिहूनच काढलं. त्यांतले एक तर आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहेत. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. मुंबईचे पारशी गृहस्थ, जन्म १८५९ चा. अलिबागच्या समुद्रकाठी चुंबकीय वेधशाळा आहे ना, ती यांनी उभी केली. सहलीला जाणाऱ्या आपण बायका किल्ला पाहतो, ओहोटी लागली की घोडागाडीतून पाण्यातून जातो, शहाळं पितो आणि परततो. किनाऱ्याजवळच्या त्या आवाराकडे कुणाचं लक्षही जात नाही.

आधी ही विद्या काय ते थोडक्यात. मूल तापलं की आपण कपाळाला हात लावतो, पोट दाबून पाहतो, जीभ बघतो. आत काय बिघडलंय ते बाहेरून ओळखायचा प्रयत्न करतो. पृथ्वीचं तसंच आहे. तिच्या पोटात शिरता येत नाही. मग भूकंपाचे हादरे, जमिनीचं चुंबकत्व, गुरुत्वाकर्षण, जमिनीतून वीज किती वाहते, हे सगळं वरून मोजायचं आणि आतलं ओळखायचं. विहिरीला पाणी कुठे लागेल, समुद्राखाली तेल कुठे असेल, धरणाचा पाया कुठे घ्यावा, हे सगळं या मोजण्यावर ठरतं. ‘बॉम्बे हाय’चं तेल १९७४ साली लागलं, तेही समुद्राच्या तळाखाली अशीच चाचपणी करून. उरणच्या बाजूला ज्यांचं माहेर आहे त्यांना त्या तेलाचं महत्त्व सांगायला नको.

मूससाहेबांचा विषय होता चुंबकत्व. पृथ्वी हा एक भला मोठा चुंबक आहे, हे शाळेत वाचलेलं असतं. तो चुंबक स्थिर नसतो, हे मात्र पुस्तकात फारसं येत नाही. आपल्याकडे त्याचा जोर रोज सकाळपासून चढत दुपारच्या सुमाराला सर्वांत जास्त होतो, मग उतरतो. वर्षावर्षाने त्याची दिशाही किंचित सरकते, कारण सुमारे २९०० किलोमीटर खोलीखाली वितळलेलं लोखंड हलत असतं. आणि कधी सूर्यावर मोठा स्फोट झाला, तर एकदम उलथापालथ होते. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. हे वादळ डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. फक्त रेशमाच्या धाग्याला टांगलेली एखादी चुंबकाची कांडी थरथरते. ती किती थरथरली, ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

मुंबईत हे लिहायला सुरुवात झाली १८४१ साली, कुलाब्याच्या वेधशाळेत. वेधशाळा त्याआधीची, १८२६ ची, मुख्यतः जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी काढलेली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी तिथे चुंबकाच्या नोंदी सुरू केल्या आणि त्यांच्या हाताखाली काम करत होते आपले केरूनाना छत्रे. तेच ते, पुढे डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे. म्हणजे ही विद्या आपल्या माणसांना परकी आहे, असं सासूबाईंना वाटत असेल तर त्यांना एवढं जरूर सांगा.

१८४६ पासून नोंदी सलग होऊ लागल्या. तासातासाला दुर्बिणीतून कांडीकडे पाहायचं आणि वहीत आकडा मांडायचा. कांडी नेहमीपेक्षा जास्त हलू लागली की तासाची वाट न पाहता मिनिटामिनिटांच्या अंतराने पाहायचं. पुढे प्रकाशचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटू लागली, पण सुरुवातीची वर्षं सगळी मदार माणसाच्या डोळ्यांवर. ज्यांनी हे लिहिलं त्या मदतनिसांची नावं ग्रंथांच्या मुखपृष्ठावर नाहीत. मला हे नेहमीच खटकतं. घरातही तसंच असतं म्हणा.

मूस यांनी मुंबईची एल.सी.ई., म्हणजे तेव्हाची इंजिनियरिंगची पदवी घेतली आणि मग एडिंबरोला जाऊन बी.एस्सी. केली. १८९६ साली कुलाबा वेधशाळेचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं. त्या जागेवर नेमले गेलेले ते पहिले भारतीय संचालक मानले जातात. वर्ष कसलं होतं पाहा! त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला आणि लोक घरदार टाकून गावाकडे पळत होते. दोनच वर्षांनी, १८९८ साली, वेधशाळेत भूकंप नोंदवणारं मिल्नचं यंत्र बसलं. आदल्या वर्षी आसामात प्रचंड भूकंप झाला होता, त्यानंतर हिंदुस्थानात अशी यंत्रं बसवायला सुरुवात झाली होती.

खरं संकट आलं ते मात्र ट्रामचं. मुंबईत १८७४ पासून ट्राम धावत होती, पण घोड्यांची. १९०० च्या सुमारास ती विजेवर चालवायचं ठरलं. सगळं शहर खूश! घोडे जाणार, लीद जाणार, वेग येणार. वेधशाळेला मात्र धसका. कारण ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि खालच्या रुळांतून परतते. रुळांतून ती सगळीच्या सगळी नीट परतत नाही, थोडी जमिनीत पाझरते. आणि वीज वाहिली की भोवती चुंबकत्व आलंच. ट्राम सुटली की कांडी हलणार, थांबली की हलणार. मग सूर्यामुळे हललं की ट्राममुळे, हे ओळखायचं कसं?

याचा अनुभव घरी घेता येतो. शिवणाची सुई एका चुंबकावर एकाच दिशेने पंधरा-वीस वेळा घासा. बुचाच्या चकतीवर किंवा पिंपळाच्या वाळक्या पानावर ठेवून काचेच्या वाडग्यातल्या पाण्यात सोडा. ती हळूहळू फिरून उत्तर-दक्षिण उभी राहील. आता लोखंडी तवा वाडग्याजवळ न्या. सुई लगेच फिरेल. तवा दूर नेला की परत जागेवर. मुलांना दाखवा, सुटीची एक दुपार शांततेत जाईल. मूससाहेबांसमोर तवा नव्हता, सबंध शहर होतं आणि ते दूर नेता येत नव्हतं. तेव्हा सुईच दूर न्यायची.

नव्या जागेसाठी अलिबाग निवडलं. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटर, मध्ये खाडी, रेल्वे नाही, ट्राम येण्याचा संभव नाही. इमारत बांधली ती पोरबंदरच्या दगडाची. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर वापरला नाही, कारण त्यात चुंबकी कण असतात. खिळे, बिजागऱ्या, कड्या, सगळं तांब्या-पितळेचं. लोखंडाची टाचणीसुद्धा नको. भिंती जाड आणि आत खोलीच्या आत खोली, म्हणजे ऊन-पाऊस काहीही असो, आतली हवा एकसारखी राहावी. थंड-गरम झालं की यंत्राचं माप चुकतं. जुन्या वाड्यातल्या लोणच्याच्या कोठीची ज्यांना आठवण असेल त्यांना ही युक्ती लगेच कळेल.

इमारत कुणीही चांगली बांधू शकला असता. माझ्या मते मूस यांचं खरं शहाणपण त्यापुढच्या गोष्टीत आहे.

समजा, बाळंतपणाला तुम्ही माहेरी आहात. बाळाचं वजन दर आठवड्याला तिथल्या दवाखान्याच्या काट्यावर होतं. तीन महिन्यांनी सासरी येता आणि इथल्या काट्यावर वजन एकदम पाव किलो कमी भरतं. आता बाळ रोडावलं की काटा निराळा? जीव उडून जातो. हेच निघण्याच्या आठवड्यात बाळाला दोन्ही काट्यांवर तोलून घेतलं असतं, तर दोन काट्यांत मुळातच किती फरक आहे ते कळलं असतं आणि जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता आली असती.

मूस यांनी नेमकं हे केलं. १९०४ साली अलिबागचं काम सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या आकड्यांत फरक किती, तो कधी वाढतो, कधी कमी होतो, हे पक्कं बसवलं आणि मगच कुलाब्याचं चुंबकाचं काम थांबवलं. विजेची पहिली ट्राम मुंबईत धावली ७ मे १९०७ रोजी. तोवर इकडचं बिऱ्हाड तिकडे सुखरूप लागलेलं होतं. ट्रामही पुढे १९६४ साली बंद झाली. नोंद अजून चालू आहे. १८४१ पासून धरली तर इतकी लांबलचक नोंद जगात मोजक्याच ठिकाणी सापडते.

गंमत म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातून निघालेली ही वही कुलाबा जिल्ह्यातच येऊन पडली. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबाच होतं, १९८१ साली रायगड झालं. बाहेरगावच्या पाहुण्यांचा यात अजून घोटाळा होतो.

यानंतर मूस बसले ते साठ वर्षांचा जमाखर्च मांडायला. १८४६ ते १९०५ पर्यंतचे सगळे आकडे त्यांनी एकत्र केले, तपासले, चुका काढल्या आणि १९१० साली दोन जाडजूड खंड छापून काढले. पहिल्यात यंत्रं आणि आकडे, दुसऱ्यात त्यांचा अर्थ. पुष्कळ वादळांची सरासरी काढल्यावर वादळाची चाल त्यात दिसू लागली. आधी एकदम थोडा चढ, मग काही तास खोल उतार, मग दिवसेंदिवस हळूहळू भरपाई. चढलेला ताप घाम येऊन उतरावा आणि मग अशक्तपणा हळूहळू भरून निघावा, तसंच काहीसं. आज चुंबकीय वादळाचं वर्णन शास्त्रज्ञ याच तीन पायऱ्यांनी करतात. ‘मूस यांचे खंड’ म्हणून ही पुस्तकं जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत.

आता पत्रातला मानसन्मानाचा प्रश्न. मूस यांना एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने आपलं सदस्यत्व दिलं, आणि त्या काळात हिंदी माणसाला असं बोलावणं येणं ही लहान गोष्ट नव्हती. १९१९ साली ते निवृत्त झाले, १९३६ साली वारले. त्यांच्या नावाचा पुतळा किंवा चौक मी तरी पाहिलेला नाही. पण कुलाबा-अलिबागच्या वेधशाळांतून १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली आणि त्या संस्थेत डॉक्टरेटनंतर संशोधन करणाऱ्यांना ‘नानाभाई मूस’ यांच्या नावाची फेलोशिप मिळते. मरणानंतर आपल्या नावाने दरवर्षी एखाद्या पोराचा किंवा पोरीचा महिन्याचा खर्च चालावा, हा सन्मान मला शालजोडीपेक्षा मोठा वाटतो.

आणि ही संस्था आहे कुठे? नव्या पनवेलला! लोधिवलीच्या भगिनी, तुमच्या घरापासून पनवेलच्या बाजाराला जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्याच वेळात तुमची मुलगी तिथे पोचेल. म्हणजे ‘मुलीला कुठे लांब पाठवायची’ हा ‘ह्यां’चा मुद्दा तसा राहत नाही.

या संस्थेतली एक गोष्ट मुलीच्या आजीला वाचून दाखवा. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन नावाच्या ज्योतिर्विदाला सूर्यावर अचानक झगझगीत उजेड दिसला. पुढच्या दिवशी जगभर चुंबकीय वादळ झालं. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, एरवी उत्तरेकडच्या देशांतच दिसणारा आकाशातला रंगीत प्रकाश थेट कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. माणसाने मोजलेलं हे सर्वांत मोठं वादळ मानतात. पण ते नेमकं केवढं होतं? युरोपातल्या यंत्रांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या होत्या. मुंबईच्या कुलाब्याला मात्र त्या दिवशी कुणीतरी दुर्बिणीला डोळा लावून आकडे लिहीत होतं.

ते आकडे जवळजवळ दीडशे वर्षं दप्तरात पडून होते. मग भूचुंबकत्व संस्थेतल्या शोभना अ‍ॅलेक्स आणि संचालक गुरुबक्ष लाखिना यांनी परदेशातल्या दोघा शास्त्रज्ञांबरोबर ते अभ्यासले आणि २००३ साली प्रबंध प्रसिद्ध केला. कुलाब्याला त्या दिवशी पृथ्वीचं आडवं चुंबकीय बळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं, म्हणजे शंभरातले चार भाग. नेहमीच्या वादळात शंभर-दोनशेची घसरण झाली तरी ते मोठं म्हणतात. या आकड्याचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, पण भांडायला आकडा आहे तो मुंबईचाच. आणि तो जगापुढे मांडणाऱ्यांत एक बाई होत्या, हे मुद्दाम सांगते.

हे सगळं खरं, पण त्याचा संसाराला उपयोग काय, असं कुणी विचारेल. १३ मार्च १९८९ रोजी असल्याच एका वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात बंद पडली. ती बऱ्याच ठिकाणी नऊ तास आली नाही, सुमारे साठ लाख माणसं अंधारात, तीही बर्फाच्या दिवसांत. १८५९ एवढं वादळ आज आलं तर? फ्रीज, पाण्याचा पंप, मोबाइल, बँक, सगळंच विजेवर आणि उपग्रहांवर. म्हणून वीजमंडळांना आणि उपग्रहवाल्यांना वादळाचा अंदाज हवा असतो, आणि अंदाज बांधायला जुन्या वह्या लागतात. मे २०२४ मध्ये मोठं वादळ झालं तेव्हा लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. त्या रात्रीचीही नोंद अलिबागला झालेली आहे.

लोधिवलीच्या घराघरातून दिसणाऱ्या डोंगरांबद्दलही सांगायचं राहिलं. इर्शाळगड, प्रबळगड हे सगळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. तो लाव्हा थिजताना त्यातल्या लोखंडी कणांनी तेव्हाच्या चुंबकाची दिशा धरून ठेवली. ती वाचल्यावर कळलं, की तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि यांतल्या कितीतरी थरांच्या वेळी होकायंत्राची सुई उत्तरेऐवजी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली असती! मुलीला हाच विषय का घ्यावासा वाटला, त्याचं उत्तर कदाचित स्वयंपाकघराच्या खिडकीतच असेल. एकदा विचारून पाहा तिला.

आता व्यवहाराचं. मुंबईच्या आय.आय.टी.त उपयोजित भूभौतिकशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. त्याला ‘जॅम’ नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिची तयारी वर्षभर आधी सुरू केलेली बरी. नोकऱ्या तेलाच्या कंपन्यांत, भूजल सर्वेक्षणात, हवामान आणि भूकंपाच्या खात्यांत, संशोधन संस्थांत. काही कामं रानावनात तंबू ठोकून करायची असतात, हे लपवून ठेवत नाही. पण सगळीच तशी नसतात, आणि असली तरी मुली ती करतात. बी.एड.ला माझा विरोध नाही, चांगली शिक्षिका व्हायलाही अक्कल लागते. फक्त पहिल्या वर्गात आलेल्या मुलीला जे नको आहे ते ‘जवळ आहे’ म्हणून गळ्यात घालू नका. एका वर्षाची मुदत द्या. परीक्षा नाही जमली, तर बी.एड. कुठे पळून जात नाही. आणि स्थळं बघायची घाई असेल तर तीही वर्षभर बासनात बांधा. त्या वर्षात तिचं वय कितीसं वाढणार?

‘ह्यां’ना घेऊन एकदा अलिबागला जाऊन या. वेधशाळा आतून पाहायची तर आधी पत्र लिहून परवानगी काढा, दाराशी जाऊन हुज्जत घालू नका, तिथे काम चालू असतं. यंत्राजवळ जायला मिळालंच तर गळ्यातलं सोनं चालेल, हातातल्या काचेच्या बांगड्याही चालतील. पदराची सेफ्टी पिन, केसांतले आकडे, किल्ल्यांचा जुडगा आणि मोबाइल मात्र बाहेर ठेवा. पावसाळ्यात जाऊ नका, वडखळच्या पुढे रस्त्याचा भरवसा नसतो.

लोणच्याच्या बुरीबद्दल अकरा पत्रं आली आहेत. उत्तर पुढच्या अंकात.